सगळं धरून

मराठी माणसाच्या तत्त्वज्ञानाची सूत्रं कुणी कधी गोळा केलीच, तर त्यांत 'सगळं धरून किती?' हा प्रश्न फार वरच्या नंबरावर घ्यावा लागेल. मंडपवाला, बँडवाला, आचारी, टेंपोवाला, बोअरवाला, मुंजीचे गुरुजी, कुणीही समोर येऊन बसला की आपण चष्मा पुसतो, घसा साफ करतो आणि हा प्रश्न टाकतो. तो आकडा सांगतो. आपण थोडी घासाघीस करतो, सुपारी देतो आणि निश्चिंत होतो. कार्य उरकल्यावर कळतं की 'सगळं' या शब्दाविषयी दोन्ही पक्षांचे मूलभूत मतभेद होते. आचाऱ्याच्या 'सगळ्या'त गॅस नसतो. मंडपवाल्याच्या 'सगळ्या'त मंडप बांधणं असतं, सोडणं नसतं. आणि आमच्या लातूरकडच्या बोअरवाल्याच्या 'सगळ्या'त तर पाणीसुद्धा धरलेलं नसतं. भोक पाडून देणं एवढंच त्याचं काम. पुढचं तुमचं नशीब.

वेदान्ती मंडळी 'सर्व' या शब्दावर शेकडो वर्षं वाद घालत आली आहेत. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे त्या वादात पडत नाही. पण माझी खात्री आहे की त्यातल्या एकाने जरी घरी मुलीचं लग्न काढलं असतं, तरी प्रश्न बराच लवकर सुटला असता. 'सगळं' म्हणजे काय, याचं उत्तर ग्रंथात सापडत नाही. ते बिलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतं.

हे सगळं आठवायचं कारण मॉरिशस. दचकू नका. बँकेतल्या कारकुनाने मॉरिशसला जाऊ नये असा कुठलाही सरकारी नियम नाही. आमच्या हिने पाटल्यांसाठी म्हणून पाच वर्षांचं रिकरिंग लावलं होतं. ते मुदतीला आलं तेव्हा सोन्याचा भाव असा होता की त्या पैशात पाटल्या नाही, पाटल्यांची डबीच आली असती. (हे मी पदरचं सांगत नाही, सराफाच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.) तेव्हा हिने एक दिवस वरणाला फोडणी देता देता जाहीर केलं, "समुद्र बघू या." मी म्हटलं, "गणपतीपुळे?" ही म्हणाली, "रिकरिंग पाच वर्षांचं होतं." म्हणजे समुद्रही त्या मानाने लांबचा हवा. ट्रॅव्हल कंपनीच्या माणसाला मी अर्थातच तो ऐतिहासिक प्रश्न विचारला, आणि तो जे बोलला ते आजवर मला एकाही मंडपवाल्याने ऐकवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, सगळं धरूनच आहे. त्या प्रकाराचं नावच ते. ऑल इन्क्लुझिव्ह."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समुद्रकाठी एक हॉटेल असतं. पैसे आधी भरायचे. मग राहणं, नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, या तिन्हींच्या मधल्या फटी बुजवायला ठेवलेलं खाणं, सकाळपासून रात्रीपर्यंतची पेयं, पोहण्याचा तलाव, होडी, छत्री, टॉवेल, सगळं त्यात. आत गेल्यावर खिशाला हात लावायचा नाही. ही कल्पना काही आजची नव्हे. 1950 साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेडिटरेनियन' काढला. युद्धाने पिचलेल्या माणसांना काही दिवस पैशांचा विचार न करता समुद्रकाठी राहता यावं, एवढीच त्यात कल्पना. पुढे या क्लबच्या गावांमध्ये पेयांसाठी नाण्यांऐवजी रंगीत मणी चालू लागले. गळ्यात माळ घालायची आणि सरबत हवं असेल तेव्हा एक मणी काढून द्यायचा. कॅशियरच्या दृष्टीने ही अत्यंत सुंदर पद्धत आहे. मण्यांत फाटका निघत नाही, खोटा निघत नाही, आणि सुट्ट्यांवरून भांडण होत नाही.

आता माळ गेली, मनगटाला पट्टा आला. आम्ही हॉटेलात शिरताच एका हसतमुख मुलीने आमच्या दोघांच्या मनगटांवर कागदी-प्लॅस्टिकचा एक पट्टा असा चिकटवला की तो कात्रीशिवाय निघू नये. ही म्हणाली, "दवाखान्यात बाळंतिणीच्या बाळाला बांधतात तसा आहे हो." तुलना अचूक होती. त्या बाळासारखंच पुढचे सहा दिवस आम्हाला काही विचारलं जाणार नव्हतं, मागायच्या आत मिळणार होतं, आणि हरवलो तर पट्ट्यावरून परत जागेवर आणून ठेवणार होते.

निघण्यापूर्वी शाखेतल्या सहकाऱ्यांनी मला जो उपदेश केला त्याचा एका वाक्यातला मतितार्थ असा: वसूल करून या. बी. कॉम.ला शिकवतात त्याप्रमाणे आगाऊ दिलेला खर्च ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसतो. जोपर्यंत सेवा वापरली नाही तोपर्यंत ती तुमची मालमत्ता. म्हणजे त्या हॉटेलातला प्रत्येक पाहुणा सकाळी उठतो तो मालमत्तेचा धनी म्हणून, आणि दिवसभरात ती संपत्ती पोटात घालून खर्ची टाकणं हे त्याचं हिशेबी कर्तव्य ठरतं. त्याच बी. कॉम.च्या कॉस्टिंगच्या तासाला याच्या अगदी उलटही शिकवतात. जे पैसे गेले ते गेले, बुडीत खर्च. पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नाही, भूक असेल तर खा, नसेल तर उठा. कॉस्टिंगचा पेपर मला नेहमीच अवघड गेला. तिथे जमलेल्या जर्मन, फ्रेंच, दिल्लीकर, सुरतकर सगळ्यांनाच तो अवघड गेलेला दिसत होता. एक गोरे आजोबा सकाळी दहाला अननस, साडेदहाला वॅफल आणि अकराला पुन्हा अननस अशा क्रमाने, चेहऱ्यावर कसलाही आनंद न दाखवता, शांतपणे वसुली करीत बसायचे. थकीत कर्जाच्या वसुलीला निघालेल्या आमच्या फील्ड ऑफिसरच्या चेहऱ्यावर मी हेच भाव पाहिले आहेत.

खोली उघडल्यावर हिने आधी समुद्र पाहिला नाही, बाथरूममधला टब पाहिला. पांढराशुभ्र, पुरुषभर लांब. तोटी फिरवताच धो धो पाणी. हिने झटकन तोटी बंद केली आणि मला विचारलं, "भरून ठेवू का? उद्या नळ नाही आला तर?" हसू नका. ज्या गावात 2016 च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, ज्या गावाला एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, त्या गावच्या गृहिणीला टब दिसल्यावर तो हौद वाटणारच. ऊस मात्र त्या साली आमच्याकडे होताच. तो विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो, म्हणून इथे सोडून देतो. मी टबाचा हिशेब मांडला. अंघोळीपुरता भरला तरी दहा-बारा घागरी. सहा दिवस तो टब कोरडा राहिला. पाण्याचे पैसे भरलेले होते. पण हिला त्यात बसवेना. पैसे भरले म्हणजे वाया घालवायचा हक्क मिळतो का, हा नीतिशास्त्रातला प्रश्न तिने एकही ग्रंथ न वाचता, एका बादलीत अंघोळ आटोपून सोडवला.

तिने आणखी एक गोष्ट केली होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. बॅगेत तळाशी धपाटे निघाले. मी म्हटलं, "अगं, सगळं धरून आहे ना?" ती म्हणाली, "धपाटे कुठं धरलेत?" याला उत्तर नव्हतं.

माझा जन्म नांदेडचा. नोकरीने लातूरला आणून टाकलं. नांदेडला वाढलेल्या माणसाला 'सगळं धरून' जेवण नवीन नाही. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये आम्ही शाळेत असताना, परीक्षेच्या आधी आणि निकालाच्या नंतर, नेमाने जेवलो आहोत. तिथे पट्टा नाही, पावती नाही, कोण कुठला याची चौकशी नाही. पंगतीत जमिनीवर बसायचं, रोटी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची. त्या ओंजळीत फार मोठं राजकारण आहे. एका हाताने माणूस घेतो, दोन हातांनी घेतलं की ते मिळालेलं असतं. आणि गंमत अशी की तिथे कुणी वसूल करताना मी पाहिलेलं नाही. ताटात टाकलेलं दिसत नाही. जेवून उठलेली माणसं, त्यात सोन्याची घड्याळं घातलेलीही, जाता जाता भांडी घासायला बसतात. जिथे पै भरली नाही तिथे माणूस मोजून खातो आणि वर काम करून जातो. जिथे सगळं भरून झालंय तिथे तो अर्धा केक टाकून उठतो. दोन्हीकडे माणूस तोच असू शकतो. सुरतकर मंडळींपैकी एक कुटुंब दरसाल लंगरात सेवा करतं, हे त्यांनीच मला सांगितलं, तिसऱ्यांदा आइस्क्रीम आणायला जाताना.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की आता मी दानाची थोरवी गाणार आणि विकत घेतलेल्या गोष्टींना नावं ठेवणार. तसं नाही. हक्काचं जेवण ही फार मोठी गोष्ट आहे. फुकट देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत जेवावं लागलेला माणूस मी जवळून पाहिला आहे. त्याच्या घशाखाली उतरत नाही. रेशन दुकानदार जेव्हा आपल्या बापाचा माल असल्यासारखा तांदूळ मोजतो, तेव्हा पावती हीच माणसाची अब्रू असते. पैसे भरले, हिशेब चुकता, कुणाचं काही देणं नाही, हे म्हणता येणं यात स्वातंत्र्य आहे. माझा प्रश्न एवढाच की हिशेब चुकता झाला म्हणजे दोन माणसांमधलं सगळं संपतं का? बँकेच्या भाषेत, शिल्लक शून्य झाली की खातं बंद करायचं का?

या प्रश्नाला तोंड फुटलं ते पॅकेजमध्ये धरलेल्या एका दिवसाच्या सहलीत. बसच्या खिडकीतून उसाची शेतं दिसत होती. मधूनमधून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, कुठे घराएवढे. दगड पाहून मी चपापलो, कारण तो ओळखीचा निघाला. आमच्या शेताच्या बांधावरचा, नांदेडच्या किल्ल्याजवळ गोदावरीच्या पात्रात पाय ठेवायला लागतो तो, पाट्या-वरवंट्याचा तोच काळा पाषाण. मला वाटलं प्रवासाने भ्रम झाला. पण भूगर्भशास्त्रज्ञांचं म्हणणं ऐकलं तर भ्रम नव्हता. रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटात एक चूल आहे. ती जवळजवळ जागची हलत नाही, वरचा जमिनीचा तवा सरकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला देश उत्तरेकडे सरकत असताना त्या चुलीवर होता. तेव्हा जो लाव्हा उतू गेला त्याचं दख्खनचं पठार झालं, आणि त्याचा दगड कुजून आपली काळी जमीन. पुढे तवा सरकत राहिला आणि त्याच चुलीवर मालदीव झालं, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस झालं, आणि शेवटी रियुनियन, तिथला ज्वालामुखी अजून धुमसतो. मॉरिशसचा थंडावला आहे. क्युरपिप गावात त्याचं एक विवर आहे, आत झाडं वाढलीत, कडेने बंगले झालेत. म्हणजे लातूर आणि मॉरिशस एकाच चुलीवरची. आपली भाकर आधी झाली आणि जरा करपली एवढंच.

ते ढीग मात्र ज्वालामुखीने रचलेले नव्हते. माणसांनी रचले. ऊस लावायचा तर आधी शेतातला दगड वेचून काढायला हवा, तो हातांनी वेचला. कुणाच्या हातांनी, ते पोर्ट लुईच्या बंदरात कळतं. तिथे 'आप्रवासी घाट' नावाची जागा आहे. 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी इमारतींचे उरलेसुरले भाग आणि बंदरातून वर येणाऱ्या काही पायऱ्या. गुलामगिरी बंद करायची ठरली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना माणसं कमी पडणार होती. म्हणून 1834 पासून हिंदुस्थानातून कराराने मजूर आणायला सुरुवात झाली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, तशीच मद्रासेकडची, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातलीही.

करार पाच वर्षांचा असे. मी कराराची कलमं वाचत गेलो आणि माझा हात नकळत मनगटाकडे गेला. जहाजाचं भाडं मालकाकडे. राहायला जागा मालकाकडे. रोजचा तांदूळ, डाळ, मीठ, तेल-तूप ठरलेल्या मापाने. वर्षाचे कपडे, पांघरूण. औषधपाणी. आणि वर महिना 5 रुपये रोख. सगळं धरून! कुणीतरी कलकत्त्याला किंवा मुंबईला त्या माणसाने दलालाला हाच प्रश्न विचारला असणार, आणि दलालाने हेच उत्तर दिलं असणार. मग बारीक अक्षरं. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. (संपाच्या दिवशी आमचाही कापतात, पण एकच. त्यावरही आम्ही घोषणा देतो.) प्रत्येकाला नंबर आणि ओळखीचं तिकीट, पुढे त्यावर फोटोसुद्धा. तिकिटाशिवाय मळ्याबाहेर सापडला तर भटक्या म्हणून अटक. माझा पट्टा मला आत राहू द्यायला होता, त्यांचं तिकीट त्यांना बाहेर जाऊ न द्यायला. माप, डाळ, तांदूळ कागदावर चोख होतं. दगड वेचताना कंबर मोडली तर कुणी "बस जरा" म्हणावं, हे कुठल्याही कलमात नव्हतं. ते कलमात घालताही येत नाही. घातलं की तो नियम होतो. आमच्या बँकेतच एकदा परिपत्रक आलं होतं की ग्राहकाशी हसून बोलावं. महिनाभर आम्ही सगळे असे हसत होतो की दोन म्हाताऱ्या पेन्शनरांनी, काही अफरातफर झाली की काय, म्हणून विचारलं.

याच बेटावर डोडो नावाचा पक्षी होता. कबुतराच्या कुळातला. शत्रू नाही, खाणं पायाशी, उडायची गरज उरली नाही, पंख आखडले. ऑल इन्क्लुझिव्हचा पहिला पाहुणा म्हणायला हरकत नाही. डच लोक 1598 साली उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. आता तो देशाच्या राजचिन्हावर आहे. त्याला लोक आळशी म्हणतात, हे मला पटत नाही. त्याने कुणाचं काही घेतलं नव्हतं.

तर, चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोघं समुद्रकाठच्या छत्रीखाली बसलो होतो. दिवसातलं पाचवं खाणं होऊन गेलं होतं. चहा घेऊन एक पोरगा आला. पंचविशीचा, काळासावळा, तरतरीत. चहा ठेवला, हिच्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं, आमचं बोलणं जरा ऐकलं, आणि अडखळत पण स्वच्छ विचारलं, "जेवलात का?"

त्या एवढ्या मोठ्या खाद्यसाम्राज्यात हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. विचारायची गरजच काय? आमच्या पोटात काय आहे याची नोंद त्यांच्या संगणकात होती. पण जेवण धरलेलं असलं तरी 'जेवलात का' धरलेलं नव्हतं. मी उत्तर जुळवतोय तोवर ही बोलून मोकळी झाली, "जेवलो बाबा. तू जेवलास का?" पोरगा थांबला. पाहुण्यांनी त्याला काय काय विचारलं असेल, बर्फ विचारला असेल, टॉवेल विचारला असेल. हे कधी विचारलेलं दिसत नव्हतं. म्हणाला, "अजून नाही. पाच." म्हणजे पाचला सुट्टी. हिने बॅगेतून उरलेले दोन धपाटे काढून त्याच्या हातात ठेवले. बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी होती. ही पाटी इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये होती, त्यामुळे हिला लागू नव्हती.

त्याचं मराठी तेवढंच. घरी क्रिओल बोलतात, शाळेत काही वर्षं मराठी शिकला होता, आणि 'जेवलात का' आजीकडून आलेलं. तिथे मराठी मंडळी आहेत, त्यांची मंडळं आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, कोकणातलं जाखडी नृत्य तिथे झाकरी म्हणून टिकलं आहे. पुढचं संभाषण त्याच्या आणि माझ्या तोडक्या इंग्रजीत झालं. त्याने विचारलं, "तुम्ही रत्नागिरीचे का?" मी लातूरचा म्हटल्यावर त्याने ते रत्नागिरीच्या किती जवळ आहे असं विचारलं. मी कोकण आयुष्यात दोनदा पाहिलंय, त्यातही एकदा बसमध्ये झोपेत. पण सहा हजार मैलांवर गेल्यासारखं वाटत असताना लातूर-रत्नागिरी अंतर काढायला जीभ रेटेना. म्हटलं, "जवळच."

मग त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या साडेचार लाखांची दप्तरं जपून ठेवली आहेत, तिथून काढलेली नक्कल. त्याच्या खापरपणजोबांची नोंद. नंबर, जहाज, वय, उंची, बापाचं नाव, जिल्हा, गाव. जिल्हा जुन्या इंग्रजी पद्धतीने 'रटनाघेरी'. आणि गावाच्या रकान्यात जे होतं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. माणसाने जहाजावरून उतरून, समुद्र लागलेल्या पोटाने, कोकणी तोंडाने आपल्या गावाचं नाव सांगितलं, आणि टेबलापलीकडच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. त्याच्या मागे अजून दोनशे उभे होते. मला तो कारकून अगदी ओळखीचा वाटला. दुपारी अडीचला रांग दारापर्यंत गेली की पासबुकावर आम्हीही लोकांची आडनावं अशीच लिहितो. फरक इतकाच की आमच्याकडे माणूस परत येऊन भांडतो.

मी उठताना खिशातून नोट काढली. सहा दिवसांत प्रथमच. रोज हजारो नोटा मोजणाऱ्या माणसाला तिथल्या नोटेचं तोंड विमानतळानंतर दिसलं नव्हतं. नोट पाहण्यासारखी असते. इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषा तिच्यावर आहेत. 1998 साली तमिळच्या आधी हिंदी छापली म्हणून एवढा असंतोष झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. नोटेवरची ओळ खाली गेली की माणसं उठतात, हे मला कॅशियर म्हणून आवडलं. पण पोरगा नोट घेईना. "इन्क्लुडेड," म्हणाला. मी आग्रह केला. तो पुन्हा हसला आणि मोबाइलवरच्या त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे कुठे आहे?"

आता बघा, माझा हिशेब चुकता होता. पाच वर्षांचं रिकरिंग मोडून मी आगाऊ पैसे भरले होते. त्याच्या मालकाने त्याला पगार दिला होता. त्याच्या खापरपणजोबांचा करारही कधीच संपला होता, मालकही मेला, आणि 1968 साली देशही स्वतंत्र झाला. कुठल्याही वहीत कुणाचं कुणाकडे काही निघत नव्हतं. तरी त्या छत्रीखाली मला स्वच्छ कळत होतं की मी देणं लागतो, आणि ते रुपयांत नाही.

परत आल्यावर पट्टा हिने कात्रीने कापला आणि दुधाच्या पिशवीला बांधायला ठेवला. मी संघटनेच्या अधिवेशनात ओळख झालेल्या रत्नागिरीच्या एका मित्राला ती नक्कल पाठवली. तो आमच्याच धंद्यातला असल्यामुळे चुकीची अक्षरं वाचण्यात तरबेज आहे. त्याने मोडीच्या एका जाणकाराला गाठलं, गावांच्या याद्या काढल्या, मोठ्याने म्हणून पाहिलं. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. उच्चाराशी जुळणारी तीन गावं आहेत. एक संगमेश्वराकडे, दोन राजापूरकडे. त्यातल्या एकात त्या आडनावाची चार घरं अजून आहेत. तो रविवारी मोटारसायकलवर जाऊन येतो म्हणाला. मी पेट्रोलचं विचारलं तर रागावला.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "पण जाऊन सांगू काय त्यांना? दीडशे वर्षांनी कोण विचारतंय म्हणून सांगू?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही परातीत पीठ मळत होती. म्हणाली, "आधी विचारा म्हणावं, जेवलात का."